घरगुती राउटर व परस्पर फाइल-वाटप : एका बिघाडाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

तंत्रविद्येच्या इतिहासात शोधांची नोंद सविस्तर होते. बिघाडांची सहसा होत नाही. वस्तुतः निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे वारंवार एकाच ठिकाणी अडत असतील, तर ती अडचण म्हणजे त्या यंत्रांच्या घडणीविषयीचा एक दस्तऐवजच होय. प्रस्तुत निबंधात अशाच एका अडचणीचा विचार करावयाचा आहे.

पुण्यात मार्केट यार्डाच्या आसपासच्या गुलटेकडी, मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क, बिबवेवाडी या वस्त्यांत, शहराच्या इतर भागांप्रमाणेच, इ. स. २००५ नंतरच्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट घरोघर येऊ लागले. अशा जोडणीवर टॉरेंटसारखे परस्पर फाइल-वाटपाचे साधन चालविले असता तीन प्रकारच्या तक्रारी उद्भवत. पहिली अशी की, फाइल देणारे पुष्कळ असूनही ती अत्यंत मंद गतीने येई, किंवा मध्येच थांबून राही. दुसरी अशी की, काही वेळाने साऱ्या घराचे इंटरनेट बंद पडे आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज ते पूर्ववत होत नसे. तिसरी अशी की, वाटप चालू असेतोवर घरातील इतरांना साधे पानही उघडता येत नसे.

या तक्रारींचे खापर सामान्यतः स्वस्त राउटरवर, सेवा देणाऱ्या कंपनीवर किंवा खुद्द टॉरेंटवर फोडले जाते. या तिन्हींत काही तथ्य असते. परंतु मूळ कारण त्यापलीकडचे आहे. या तीन तक्रारी तीन निरनिराळ्या निर्णयांपर्यंत मागे नेता येतात, आणि घर हे प्रामुख्याने घेणारे आहे, देणारे नव्हे, हे गृहीत त्या तिन्ही निर्णयांना सारखेच लागू पडते. परस्पर-वाटपाने त्या गृहीतालाच धक्का दिला. बिघाड दिसू लागला तो त्यामुळे.

२. मार्केट यार्डाचा दाखला

हा विषय समजून घेण्यास मार्केट यार्डाचीच रचना उपयोगी पडते. कृषी उत्पन्नाच्या नियंत्रित बाजारपेठा मुंबई प्रांताच्या १९३९ च्या कायद्याने व पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या अधिनियमाने आकारास आल्या. उत्पादक व ग्राहक यांच्यामध्ये अडता उभा असतो. माल यार्डात येतो, तेथे त्याचे वजन होते, लिलाव होतो व नंतर तो पुढे जातो. फळे, भाजीपाला, फुले, कांदा-बटाटा, गूळ व भुसार असे विभाग आहेत आणि प्रत्येक विभागात क्रमांक दिलेले गाळे आहेत.

टपालाच्या दृष्टीने मात्र या गाळ्यांचा पत्ता एकच : मार्केट यार्ड, पुणे ४११०३७. बाहेरगावाहून आलेल्या ट्रकचालकास एवढाच पत्ता ठाऊक असेल, तर तो गेटपर्यंत येईल. गाळा क्रमांक ठाऊक नसेल, तर गेटवरच अडेल. परंतु एखाद्या गाळेवाल्याने स्वतः माल मागविला असेल आणि त्याची नोंद गेटवर असेल, तर ट्रक सरळ आत जाईल. घरगुती राउटरचे कार्य नेमके असे आहे. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. आतील संगणक, फोन व दूरचित्रवाणी संच हे जणू गाळे होत. गाळा क्रमांकाचे काम ‘पोर्ट’ नावाचा अंक करतो. आतून गेलेल्या मागणीचे उत्तर आत येते. न मागता आलेला ट्रक परत फिरविला जातो.

३. पत्त्यांची टंचाई (१९८१–२००१)

इंटरनेटच्या मूळ कल्पनेत असे गेट नव्हते. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा ठरला. त्यामुळे सुमारे ४२९ कोटी पत्ते उपलब्ध झाले. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने हीच पद्धती स्वीकारली. कोणत्याही यंत्राने दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी थेट बोलावे, आणि मधल्या जाळ्याने केवळ पॅकेटे पोहोचवावीत, हे या रचनेचे सूत्र होते. सॉल्ट्झर, रीड व क्लार्क यांनी १९८४ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात ते तर्कशुद्ध रीतीने मांडले. या दृष्टीने पाहता परस्पर-वाटप ही नंतर आलेली विकृती नसून जाळ्याची मूळ वृत्तीच होती.

नव्वदीच्या दशकारंभी पत्ते पुरणार नाहीत, हे स्पष्ट झाले. मे १९९४ मध्ये एगेवांग व फ्रान्सिस यांनी पत्ता-रूपांतराची, म्हणजे ‘नॅट’ची, योजना प्रसिद्ध केली. आतील यंत्रांना खासगी पत्ते द्यावेत आणि सीमेवरील यंत्राने ते बदलून द्यावेत, अशी ही कल्पना होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापराचे पत्ते निश्चित झाले. घरोघरच्या राउटरांवर दिसणारा १९२.१६८ ने आरंभ होणारा पत्ता त्यांतीलच आहे. जानेवारी २००१ च्या सुधारित लेखात पत्त्यासोबत पोर्ट-क्रमांकही बदलण्याची रीत सविस्तर मांडली गेली आणि अनेक यंत्रे एका पत्त्यामागे राहू लागली.

या योजनेच्या प्रवर्तकांनी तिचे दोष लपविले नव्हते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेतली पाहिजे. हा तात्पुरता उपाय आहे, त्यामुळे पत्त्याचा टोकापासून टोकापर्यंतचा अर्थ नष्ट होतो आणि त्याची भरपाई म्हणून जाळ्याच्या मध्यावर नोंदी साठवून ठेवाव्या लागतात, असे त्यांनी १९९४ मध्येच मान्य केले होते. पहिल्या दोन तक्रारींचे बीज या कबुलीत आहे. तात्पुरता म्हणून योजलेला उपाय कायम झाला, कारण त्याने घरातील पाच यंत्रे एका जोडणीवर चालू लागली आणि पानेच वाचणाऱ्या गृहस्थाला त्याची उणीव कधी जाणवली नाही.

४. परस्पर-वाटपाचा उदय (१९९९–२००१)

उणीव जाणवू लागली ती १९९९ मध्ये नॅपस्टर आल्यावर. त्यात फाइल एका घरून दुसऱ्या घरी थेट जात असे. सूची मात्र मध्यवर्ती होती. न्यायालयीन कारवाईमुळे जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले. मार्च २००० मध्ये आलेल्या न्यूटेला पद्धतीने मध्यवर्ती सूचीही काढून टाकली. जुलै २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी बिटटॉरेंट प्रसिद्ध केले. त्यात फाइलचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक घेणाऱ्याला त्याच वेळी देणाराही बनविले जाते, आणि जो अधिक देतो त्याला अधिक मिळते. म्हणजे देण्याची क्षमता नसणे हा येथे घेण्यातील अडथळा ठरला.

या साधनाचा उपयोग पुष्कळदा हक्कसंरक्षित चित्रपट व संगीत यांच्या विनापरवाना प्रतींसाठी झाला. तसा उपयोग भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याविरुद्ध आहे. परंतु पद्धत व तिचा गैरवापर यांत भेद केला पाहिजे. लिनक्सच्या मोठ्या फाइली याच मार्गाने विधिवत वितरित होतात, आणि राउटरच्या दृष्टीने दोहोंत काही फरक नसतो.

५. पुण्यातील घरगुती जोडणी

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. ती टेलिफोन फिरवून जोडली जाई आणि बहुधा एकाच संगणकापुरती असे. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद ही व्याख्या ठरविली आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने ‘डेटावन’ ही सेवा आणली. मुंबई महानगर टेलिफोन निगमकडे होती. पुणे भारत संचार निगमच्या क्षेत्रात होते. त्यामुळे पुणेकर गृहस्थाच्या दृष्टीने ब्रॉडबँड म्हणजे बहुतांशी टेलिफोनच्या तारेवरील एडीएसएल जोडणी, असेच समीकरण झाले. २००७ च्या आरंभी गती दोन मेगाबिटपर्यंत वाढविण्यात आली.

काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात कितीही माहिती उतरवून घेण्याची मुभा असे; दिवसा मात्र मर्यादा होती. या सहा तासांचा हिशोब बोधप्रद आहे. २५६ किलोबिट गतीने सेकंदाला ३२ किलोबाइट येतात. २१,६०० सेकंदांत सुमारे ६९१ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम एक सीडी. दोन मेगाबिट गतीने हाच आकडा सुमारे ५.४ गिगाबाइट होतो. मार्केट यार्डात मालाची आवक रात्रीतून होते. त्या परिसरातील घरांतही आता दुसरी एक आवक रात्रीतूनच होऊ लागली. संगणक चालू ठेवून घर झोपी जाई. पहाटे तीन वाजता राउटर अडला, तर ते सकाळी आठनंतर, म्हणजे मुभा संपल्यावर, कळे.

आणखी एक स्थित्यंतर नोंदविण्यासारखे आहे. आरंभी पुष्कळ मोडेम केवळ ‘ब्रिज’ म्हणून चालत, म्हणजे संगणक स्वतः जोडणी करी आणि सार्वजनिक पत्ता थेट संगणकालाच मिळे. अशा स्थितीत पहिली तक्रार सहसा उद्भवत नसे. मात्र संगणक उघड्यावर पडे आणि एकाच यंत्राची सोय होई. पुढे मोडेमच राउटर झाला, वायरलेस आले, आणि सोयीबरोबर गेटही घरात आले. काहींनी जुन्या मोडेमला नवा वायरलेस राउटर जोडला. त्यामुळे एकामागे एक अशी दोन गेटे तयार झाली आणि पहिले उघडले तरी दुसरे बंदच राहू लागले.

६. तीन दोष व त्यांचे निदान

(अ) बंद गेट. ज्या घरात बाहेरून जोडणी येऊ शकत नाही, ते घर इतरांकडे जाऊ शकते; परंतु अशी दोन घरे एकमेकांना भेटू शकत नाहीत. परिणामी देणारे शंभर दिसले, तरी प्रत्यक्षात उपयोगी पडणारे थोडेच असतात. यावरील उपाय असा : संगणकाला घरातील एक स्थिर पत्ता द्यावयाचा, वाटपाच्या साधनात एक पोर्ट निश्चित करावयाचे आणि त्या पोर्टवर येणारे सर्व त्या पत्त्याकडे पाठवावे, अशी सूचना राउटरमध्ये नोंदवावयाची. पत्ता स्थिर न केल्यास काही दिवसांनी तो बदलतो आणि सूचना रिकाम्या गाळ्याकडे बोट दाखवू लागते. दुरुस्त केलेली जोडणी ‘आपोआप’ बिघडते, त्याचे हे नेहमीचे कारण होय. दोन गेटे असतील तर मोडेमला पुन्हा ब्रिज करणे हाच सरळ मार्ग.

ही खटपट टाळण्यासाठी दोन मार्ग निघाले. संगणकाने स्वतःच राउटरकडे पोर्ट मागून घ्यावे, ही यूपीएनपीची रीत २००१ मध्ये प्रमाणित झाली. ती सोयीची खरी, परंतु मागणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची तीत तरतूद नव्हती. जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बाहेरून केलेल्या यूपीएनपीच्या हाकेला आठ कोटींहून अधिक पत्त्यांनी उत्तर दिल्याचे आढळले. दुसरा मार्ग असा की, दोन्ही घरांनी तिसऱ्याच्या मध्यस्थीने एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेटे पाठवावीत, म्हणजे दोन्ही गेटांना ती आपल्याच मागणीची उत्तरे वाटतात. फोर्ड, श्रीसुरेश व केगेल यांनी २००५ मध्ये केलेल्या तपासणीत ही युक्ती यूडीपीच्या बाबतीत सुमारे ८२ टक्के, तर टीसीपीच्या बाबतीत सुमारे ६४ टक्के नॅट-यंत्रांत साधली. उरलेल्या यंत्रांची वागणूक भिन्न होती, कारण १९९४ च्या योजनेने ती एकसारखी ठरवूनच दिली नव्हती.

(आ) भरलेली नोंदवही. गेटवरून गेलेल्या प्रत्येक मागणीची नोंद राउटरला ठेवावी लागते. साधे पान उघडण्यास काही थोड्या नोंदी पुरतात; बिटटॉरेंटला शेकडो लागतात. त्यातच २००५ पासून मध्यवर्ती सूचीवाचून एकमेकांचा शोध घेण्याची रीत रूढ झाली. तिच्यामुळे अनोळखी यंत्रांकडे सतत लहान पॅकेटे जातात आणि प्रत्येकाची नोंद होते. घरगुती राउटरची स्मृती अल्प असल्याने अशा काही थोड्या हजार नोंदींनीच वही भरते.

येथे दुसरा जुना निर्णय आडवा येतो. पुष्कळ राउटर लिनक्सवर चालत, आणि लिनक्समध्ये प्रस्थापित टीसीपी जोडणीची नोंद काहीही हालचाल नसली तरी ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस, राखून ठेवण्याची मूळ मुदत होती. मोठ्या सर्व्हरला ती भारी वाटत नाही. परंतु टॉरेंटमधील सोबती निरोप न घेताच निघून जातात. त्यांच्या मृत नोंदी पाच दिवस वहीत राहतात आणि नव्यांना जागा उरत नाही. राउटर बिघडलेला नसतो. त्याची वही भरलेली असते. बंद करून चालू केल्यावर वही कोरी होते, एवढेच त्या प्रसिद्ध उपायाचे रहस्य. खरा उपाय एकूण जोडण्यांची संख्या मर्यादित करणे आणि, राउटर तशी सोय देत असेल तर, मुदत कमी करणे हा होय. २००८ मध्ये टीसीपी-नोंदीची किमान मुदत दोन तास चार मिनिटे सुचविण्यात आली, यावरून पाच दिवसांचे अंतर ध्यानात येईल.

(इ) तुंबलेली जावक. एडीएसएलची विषमता यंत्रातच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेलकोर संस्थेत जोसेफ लेक्लायडर यांनी, उतरती गती चढत्या गतीहून पुष्कळ अधिक ठेवावी, ही कल्पना मांडली. टेलिफोनच्या तारांच्या जुडग्यातील परस्पर-अडथळा त्यामुळे कमी होत होता. आणि तारेवरून मागणीनुसार चित्रपट दाखवावेत हा तत्कालीन हेतू असल्याने घराने फारसे काही पाठविण्याचा प्रश्नच नव्हता.

तथापि घेण्यासाठीही पाठवावे लागते. आलेल्या माहितीची पोच परत गेली नाही, तर पाठविणारा हात आखडता घेतो. वाटपाने जावक भरून टाकली की या पोचपावत्या रांगेत अडकतात. चढती गती २५६ किलोबिट आणि मोडेमच्या बफरमध्ये २५६ किलोबाइटची रांग असेल, तर शेवटच्या पॅकेटला आठ सेकंद थांबावे लागते. तेवढ्यात घरातील दुसरा मनुष्य पान उघडण्याचा नाद सोडतो. या दोषाला जिम गेटिस यांनी २०१० मध्ये ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. निकल्स व जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांगेची लांबी न पाहता तीतील प्रतीक्षाकाळ पाहून नियमन करणारी ‘कोडेल’ ही रीत दिली. घरगुती उपाय याहून सोपा आहे : मोजलेल्या चढत्या गतीच्या सुमारे चार-पंचमांश एवढीच मर्यादा वाटपास घालावयाची.

निदानाचा क्रमही यावरून ठरतो. वाटप थांबवताच घर पूर्ववत झाले, तर दोष जावकीचा. थांबवूनही न होता राउटर पुन्हा चालू केल्यावर झाले, तर नोंदवहीचा. घर सुरळीत असून केवळ फाइल मंद असेल, तर गेटचा. या तिन्हींत न बसणारी चौथी शक्यता कंपनीच्या हस्तक्षेपाची. अमेरिकेत कॉमकास्ट कंपनी बनावट ‘रीसेट’ संदेश पाठवून टॉरेंटच्या जोडण्या तोडीत असल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले होते. यास्तव कंपनीवर ठपका ठेवण्यापूर्वी पहिल्या तिन्ही शक्यता निकालात काढणे इष्ट.

७. गेट घराबाहेर जाते

वरील उपाय गेट गृहस्थाच्या हाती आहे, असे धरून चालतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. १५ एप्रिल २०११ पासून भारत ज्या विभागात येतो त्या आशिया-पॅसिफिक विभागातही उरलेल्या पत्त्यांचे कडक वाटप सुरू झाले. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पत्त्यांचा पट्टा सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत रूपांतरासाठी राखण्यात आला. म्हणजे अनेक घरांचा मिळून एक सार्वजनिक पत्ता झाला, आणि शेवटचे गेट कंपनीच्या आवारात गेले.

याची ओळख सोपी आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि बाहेरून पाहिले असता दिसणारा पत्ता वेगळे असतील, किंवा पहिला वरील पट्ट्यातील असेल, तर वर आणखी एक गेट आहे असे समजावे. अशा वेळी घरातील राउटरमध्ये पोर्ट उघडून काही साधत नाही. सार्वजनिक पत्ता मागून घेणे, किंवा सहाव्या आवृत्तीचा पत्ता वापरणे, एवढेच मार्ग उरतात. ज्याने २००६ मध्ये ब्रिज केलेल्या मोडेमवर विनासायास वाटप केले, त्याच गृहस्थाला दहा वर्षांनी कितीतरी पट वेगवान तारेवर ते साधेना, या विसंगतीचा उलगडा येथे होतो. गती वाढली, दर्जा घटला.

८. उपसंहार

सहाव्या आवृत्तीच्या १२८ बिटांच्या पत्त्यांनी टंचाई संपविली. २०१६ नंतर भारतातील मोबाइल जाळ्यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर अंगीकार केला आणि देशातील निम्म्याहून अधिक वापर तिच्या कक्षेत आला. परंतु पत्ता मिळाला म्हणजे गेट उघडले, असे होत नाही. नव्या राउटरांतही न मागता आलेली जोडणी अडविण्याची प्रथा सुरक्षिततेच्या कारणास्तव कायम आहे. टंचाईपोटी आलेली सवय टंचाई गेल्यावरही टिकली.

मार्केट यार्डाच्या इतिहासातही असाच एक टप्पा दिसतो. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला यार्डाबाहेर थेट विकण्याची मुभा मिळाली. तरीही यार्डातील आवक थांबली नाही, कारण वजनकाटा, उधारी, ओळख व खात्रीचे गिऱ्हाईक ही सारी यार्डातच होती. मध्यस्थाची गरज केवळ कायद्याने निर्माण होत नाही आणि केवळ कायद्याने संपतही नाही.

तात्पर्य, घरगुती राउटरची दुरुस्ती हा क्षुल्लक विषय नव्हे. पोर्ट उघडणे, नोंदी आवरणे आणि जावकीला मर्यादा घालणे या तीन कृतींद्वारे गृहस्थ १९८१ च्या रचनेने प्रत्येक यंत्राला दिलेला समान दर्जा काही अंशी परत मिळवीत असतो. तो दर्जा कोणी हिरावून घेतला असे म्हणता येत नाही. अडचणीच्या वेळी केलेल्या, त्या त्या काळी समंजस अशा निर्णयांखाली तो हळूहळू झाकला गेला. घराला देण्याचाही अधिकार असावा काय, हा प्रश्न त्या निर्णयांच्या वेळी ऐरणीवर आला नाही. तो विचारला गेला बिघाडाच्या रूपाने, आणि म्हणूनच बिघाडाचा इतिहास लिहिणे अगत्याचे आहे.